ओलं जळत नाही

कचऱ्यापासून वीज हे आपल्या शहरांचं जुनं स्वप्न. १९८७ साली दिल्लीत तिमारपूरला डेन्मार्कचं तंत्रज्ञान आणून कारखाना उभारला. रोज ३०० टन कचरा जाळायचा आणि पावणेचार मेगावॉट वीज काढायची. काही दिवसांतच तो बंद पडला. भट्टीला हवा तेवढा उष्मांक त्या कचऱ्यात नव्हताच. त्यात माती होती, राख होती, भाजीपाल्याचं पाणी होतं. कागद, पुठ्ठा असं जळण्याजोगं बरंचसं भंगार वेचणाऱ्यांनी आधीच उचललेलं. तरी आजही एखाद्या शहरात कचऱ्याचा प्रश्न चिघळला की पहिला प्रस्ताव येतो तो जाळण्याचाच.

ओल्या कचऱ्यात ताकद आहे, पण ती कुजण्यातून मिळते. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला ‘निसर्गऋण’ प्रकल्प त्यावरच चालतो. कचरा दळून रबडा करायचा, गरम पाणी घालून पहिल्या टाकीत आंबवायचा, मग हवाबंद टाकीत सोडायचा. जिवाणू मिथेन तयार करतात. उरतं ते खत. हाच वायू मुंबईत देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरातही तयार होतो. तिथे २०१६च्या जानेवारीत आग कित्येक दिवस धुमसत राहिली, परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. इंदूरने मात्र २०२२मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस काढणारा प्रकल्प सुरू केला.

इंदूरला हे जमलं, कारण तिथे कचरा घरातूनच वेगळा होऊन निघतो. निसर्गऋणाला नारळाची करवंटी चालत नाही, हाड चालत नाही, दुधाची पिशवी तर मुळीच नाही. ऐन दिवाळीत गाठ मारलेल्या पिशवीत शिळा भात, डायपर, फुटकी पणती आणि फटाक्यांचे कागद एकत्र येतात, आणि ती गाठ कुणाला तरी बोटांनी सोडवावी लागते. पुण्यात ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला वर्षानुवर्षं दारोदार जाऊन हेच काम करत आहेत.

आणि आपल्याकडे कचऱ्याची कंत्राटं निघतात ती बहुधा टनाच्या भावाने. भिजलेला, मिसळलेला कचरा जितका जड, तितकं बिल मोठं! यंत्रांसाठी कोट्यवधी मंजूर व्हावेत आणि वर्गीकरण करणाऱ्या बाईला हातमोज्यांसाठी भांडावं लागावं, हे आम्हाला मान्य नाही. गॅसच्या प्रत्येक प्रकल्पाच्या खर्चात तिची मजुरी, वर्गीकरणाची शेड आणि हात धुवायचं पाणी धरलंच पाहिजे. या दिवाळी अंकाचा विशेष विभाग म्हणूनच या महिलांच्या कामावर आहे. फराळाच्या आधी तो वाचावा, ही विनंती.