कुमारांचे घराणे कोणते?

कुमार गंधर्वांचे घराणे कोणते, हा प्रश्न आपल्या बैठकींत अजून विचारला जातो, आणि उत्तर मिळाले नाही की परंपरा बिघडवल्याचा ठपका तयारच असतो. हा हट्ट मला साफ अमान्य आहे. १९२४ साली बेळगावजवळ सुळेभावीत कानडी घरात जन्मलेले कुमार मुंबईत देवधरांकडे ख्याल शिकले. पुढे देवासला क्षयाने अंथरुणास खिळले असता माळव्याची लोकगीते ऐकत राहिले. त्या धुनांतून त्यांनी नवे राग घडवले, कबीर गायिले, बालगंधर्वही नव्याने मांडले. यांतले कोणते वगळावे? प्रत्येक कागदाला फाईल शोधण्यात माझी नोकरी गेली. गाण्याला ती शिस्त लावू नये. आणि मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खांसाहेबांनी कर्नाटक पद्धतीची सरगम ख्यालात आणली, तिला तर आपण आज किराण्याची शान म्हणतो!