दोन नियमांच्या बांधावर

नियमांची संख्या वाढली की गैरव्यवहार आपोआप घटतात, असा समज रूढ आहे. अनुभव मात्र निराळा आहे. दोन शेतांमधला बांध जसा कोणाच्याच नांगराखाली येत नाही, तशी दोन नियमांमधील जागा कोणाच्याच देखरेखीखाली नसते. गुन्हा नेमका तेथेच रुजतो.

रायपूर जिल्ह्यातील अभनपूरचे उदाहरण बोलके आहे. रायपूर–विशाखापट्टणम महामार्गासाठी भूसंपादन झाले ते १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यान्वये. मोबदल्याचे निकष २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे आणि जमिनीचे दर राज्याच्या दरपत्रकातील. त्या दरपत्रकात ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडास हेक्टरी दरापेक्षा कितीतरी चढा दर होता. मोठ्या जमिनींचे कागदोपत्री तुकडे पाडून कोट्यवधींचा जादा मोबदला उचलल्याचा आरोप झाला. २०२५ मध्ये राज्य शासनाने तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे सोपविला आणि शेतजमिनीसाठीचा तो वेगळा दरही रद्द केला.

व्यवहार देशाची सीमा ओलांडतो तेव्हा हा बांध अधिकच रुंद होतो. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेचे प्रकरण २०१८ मध्ये उघडकीस आले. तेथील हमीपत्रे ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीवरून गेली. बँकेच्या मध्यवर्ती संगणकप्रणालीत मात्र त्यांची नोंद नव्हती. त्या हमीवर भारतीय बँकांच्या परदेशी शाखांनी कर्जे दिली. या शाखांवर यजमान देशाचे नियामक आणि भारतीय रिझर्व्ह बँक असा दुहेरी अंमल असतो. तरीही, हिरेआयातीच्या कर्जास ९० दिवसांची मर्यादा असताना वर्षभर मुदतीची हमीपत्रे बिनदिक्कत वटली. पहारेकरी दोन असले की प्रत्येकास दुसरा जागा असल्याचा भरवसा वाटतो. प्रकरणाचा आकडा १३,००० कोटी रुपयांपलीकडे गेला.

१३ मार्च २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने अशी हमीपत्रे बंद केली. लबाडी थांबली, परंतु प्रामाणिक लहान आयातदाराचे स्वस्त कर्जाचे एक साधनही त्याबरोबर गेले. अपराध एकाचा आणि भुर्दंड दुसऱ्यास, हीच अशा गुन्ह्यांची खरी किंमत होय.

म्हणून आणखी एक नियम करणे हा उपाय नव्हे. दोन नियम जेथे भेटतात, त्या जागेचे उत्तरदायित्व एका निश्चित अधिकाऱ्यावर असले पाहिजे. ‘तपासणी पलीकडे झाली असेल’ हे वाक्य कोणत्याही टेबलावर ग्राह्य धरले जाऊ नये. कर्मचाऱ्याने वेळीच विचारलेला एक प्रश्न आणि त्यासाठी ग्राहकाने सोसलेला थोडा विलंब, यांतूनच ठेवीदाराचा पैसा सुरक्षित राहतो.