अभिजात : कुळाने की कर्तृत्वाने?

'अभिजात' म्हणजे मुळात उच्च कुळात जन्मलेला. साहित्यचर्चेत हा शब्द आपण सहज वापरतो. पण कृतीचे मोल तिच्या कुळावरून ठरते, हा त्यामागचा गर्भित समज आम्हांला खटकतो. तो तपासून पाहायचा तर इटलीतील 'एमव्ही अगुस्ता' या मोटारसायकलीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

आज हे नाव श्रीमंतांच्या संग्रहाशी जोडले जाते. तिचे जनक काउंट डोमेनिको अगुस्ता हेही सरदार घराण्यातले. गाडीचा जन्म मात्र गरजेपोटी झाला. अगुस्ता घराण्याचा मूळ उद्योग विमानांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत विमाननिर्मितीवर बंदी आली आणि कारखान्याला दुसरे काम शोधणे भाग पडले. म्हणून १९४५ साली मिलानजवळच्या व्हेर्गेरा गावी 'मेक्कानिका व्हेर्गेरा' स्थापन झाली. 'एमव्ही' ही तिचीच आद्याक्षरे. पहिली गाडी होती अवघी ९८ सीसीची, सामान्यांच्या रोजच्या वापराची.

प्रतिष्ठा मिळाली ती शर्यतींच्या मैदानात. १९५८ ते १९७४ अशी सलग १७ वर्षे ५०० सीसी गटाचा विश्वविजेता एमव्हीवरच स्वार होता. त्यांपैकी ७ विजेतेपदे एकट्या जाकोमो आगोस्तिनीची. याउलट, १९६० च्या दशकात रस्त्यासाठी काढलेली चार सिलिंडरांची ६०० सीसी गाडी बोजड निघाली. घराणे तेच, नाव तेच. तरी रसिकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. त्यांचे मन जिंकले ते नंतरच्या '७५० स्पोर्ट'ने.

१९७१ साली काउंट वारले आणि १९८० च्या सुमारास उत्पादनही थांबले. पुढे काजिवा कंपनीने हे नाव विकत घेतले, आणि १९९७ मध्ये मास्सिमो ताम्बुरिनीने घडवलेली 'एफ४' लोकांसमोर आली. अगुस्ता घराण्याचा तिच्याशी काहीही संबंध नव्हता. तरीही जाणकारांनी तिला एमव्हीची खरी वारसदार मानले.

हा केवळ नावाचा व्यापार, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु नाव विकत घेता येते, नावाला जागणे विकत घेता येत नाही. ६०० सीसीच्या गाडीला वारसा असून ते साधले नाही. एफ४ला तो नसताना साधले.

ग्रंथांचेही याहून वेगळे नसते. अभ्यासक्रमातील स्थान, थोर लेखकाचे नाव, समीक्षकांची शिफारस ही सारी कुळाची प्रमाणपत्रे झाली. वर्गात एखादी कृती 'अभिजात' म्हणून शिकवताना आपण ती बाजूला ठेवावीत, आणि आजच्या विद्यार्थ्याच्या हाती ती स्वतःच्या बळावर धावते का, एवढेच पाहावे.