विज्ञानाच्या ओसरीवरून : न विसरणारी पाटी

लिहितां लिहितां वीज गेली आणि गणकयंत्रांतील अर्धा लेख नाहींसा झाला, हा अनुभव आमच्या पुष्कळ वाचकांस असेल. यांत यंत्राचा दोष नाहीं. त्याची चालू कामाची स्मृति सूक्ष्म विद्युद्भारावर उभी असते. तो भार सारखा गळतो व दर सेकंदास अनेक वेळां पुन्हां भरावा लागतो. वीज थांबली कीं स्मृति संपली.

लोहचुंबकाचें तसें नाहीं. त्याची दिशा विजेवांचूनही टिकते. म्हणून शास्त्रज्ञांनीं चुंबकाचीच पाटी केली. दोन चुंबकी थरांमध्यें एक अत्यंत पातळ विद्युद्रोधक पडदा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारें दहालक्षांश एवढीच. एका थराची दिशा कायम, दुसऱ्याची बदलणारी. दोन्ही दिशा एक असल्या तर पडद्यांतून वीज सुलभ जाते, विरुद्ध असल्या तर अडखळते. यावरून शून्य कीं एक, तें वाचतां येतें. सामान्य तपमानावर हा परिणाम ठळकपणें दाखविण्याचें श्रेय १९९५ सालीं अमेरिकेंत मूळचे भारतीय जगदीश मूडेरा व त्यांचे सहकारी यांस, आणि जपानांत मियाझाकी व त्यांचे सहकारी यांस मिळालें.

वाचणें साधलें, पण लिहावें कसें? जवळच्या तारेंतून प्रवाह सोडून चुंबक फिरवितां येतो. परंतु पाटी लहान होत गेली कीं शेजारच्या अक्षरांसही धक्का लागतो. १९९६ सालीं स्लोन्चेव्स्की व बर्जर या दोघां शास्त्रज्ञांनीं स्वतंत्रपणें निराळा मार्ग सुचविला. प्रत्येक इलेक्ट्रॉनास विद्युद्भाराप्रमाणेंच अंगची एक गिरकी असते. पहिल्या थरांतून जातांना या गिरक्या एका दिशेस वळतात. दुसऱ्या थरांत शिरतांना गिरकीचा आडवा भाग इलेक्ट्रॉन गमावतो, व तो त्या थराच्या चुंबकत्वास मिळतो. एकाचें गेलें तें दुसऱ्यास मिळालेंच पाहिजे, हा निसर्गाचा हिशेब. त्यामुळें चुंबकास पीळ बसून तो उलटतो. प्रवाह उलटा केला कीं पीळही उलटा. पुढें थोड्याच वर्षांत कॉर्नेल विद्यापीठांतील प्रयोगांनीं हें सिद्ध केलें.

आतां खरा पेंच पाहा. अक्षर दहा वर्षें टिकावयाचें तर चुंबक उष्णतेच्या नित्य धडपडीपेक्षां सुमारें ६० पट ऊर्जेनें खिळलेला हवा. पण जो इतका घट्ट, तो वळविण्यास प्रवाहही मोठा. आणि तो सारा त्या नाजुक पडद्यांतूनच जाणार. वारंवार लिहिल्यानें पडदा झिजतो, ऊर्जाही व्यर्थ जाते. चुंबक सैल ठेवावा तर अक्षर आपोआप पुसलें जातें.

यावर विद्युद्दाबाचा उपाय शोधला जात आहे. पडद्याला टेकलेल्या लोखंडी थराच्या कांठावर दाब दिला कीं तेथील इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, आणि चुंबकाचा एका दिशेचा आग्रह कमी-जास्त होतो. २००९ सालीं ओसाका येथील संशोधकांनीं अवघ्या कांहीं अणूंच्या जाडीच्या लोखंडांत हा परिणाम दाखविला. २०१२ सालीं दाबाच्या साहाय्यानें पुष्कळ थोड्या प्रवाहांत दिशा उलटविण्याचेही प्रयोग झाले. लिहितांना क्षणभर सैल, लिहून होतांच पुन्हां घट्ट, अशी ही युक्ति आहे. मात्र दाबाचा परिणाम अद्याप तोकडा पडतो. आणि केवळ दाबानेंच चुंबक फिरवूं म्हटलें, तर दाबाचा कालावधि सेकंदाच्या अब्जांशाइतका काटेकोर राखावा लागतो.

पिळावर चालणाऱ्या स्मृति २०१२ पासून बाजारांत आहेत. परंतु घरोघरच्या गणकयंत्रांत मुख्य काम अजून गळक्या विद्युद्भारावरच चाललें आहे. तेव्हां वाचकांनीं आपला मजकूर वेळच्या वेळीं सांठवून ठेवावा, हेंच तूर्त श्रेयस्कर.