लिंबूटिंबू

मागच्या रविवारी डब्लिनहून पुतण्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्याच्या मुलाने फोन हिसकावून घेतला. वय वर्षे अकरा, जन्म तिकडचा, मराठी घरापुरतं पण स्वच्छ. तिथल्या क्लबात क्रिकेट खेळतो. म्हणाला, "आजी, आमच्या टेस्टचे पॉइंट का नाही मोजत?"

मी विचारलं, "आमच्या म्हणजे?"

"आयर्लंडच्या!"

त्या 'आमच्या'ची मला आधी गंमत वाटली. मग लक्षात आलं की प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही. "बाबाला विचार" असं म्हणून मी वेळ मारून नेली. चौतीस वर्षं वर्गात उभं राहून शिकवलेल्या बाईला हे शोभत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न तसा जुनाच आहे. नव्या, कच्च्या देशांना कसोटी क्रिकेटमध्ये जागा द्यावी का? नोव्हेंबर २००० मध्ये बांगलादेश ढाक्याला भारताविरुद्ध पहिली कसोटी खेळला, तेव्हा माझं उत्तर ठाम 'नाही' होतं. पहिल्या डावात त्यांनी ४०० धावा केल्या, अमिनुल इस्लामने १४५ काढल्या, आणि मी जरा चपापले. दुसऱ्या डावात ते ९१ धावांत आटोपले, आणि मी आमच्या ह्यांना म्हणाले, "बघा, सांगत नव्हते?" पुढे चार-पाच वर्षं ते हरतच राहिले. पहिला विजय मिळाला जानेवारी २००५ मध्ये, झिम्बाब्वेविरुद्ध चितगावला, आणि तो त्यांचा पस्तिसावा सामना होता. पस्तीस सामन्यांत एक! एवढे नापास विद्यार्थी वरच्या वर्गात ढकलायचे कशाला, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं.

पण मी इतिहास शिकवलेला आहे, आणि इतिहासाची एक वाईट खोड अशी की तो आपल्याच घरातून सुरू होतो.

आपण पहिली कसोटी खेळलो १९३२ मध्ये लॉर्ड्सवर. सी. के. नायडू कर्णधार. १५८ धावांनी हरलो. पहिला विजय मिळाला फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला, विजय हजारे कर्णधार असताना. विनू मंकडने पहिल्या डावात ५५ धावांत आठ गडी बाद केले तो सामना. म्हणजे वीस वर्षं, आणि पंचविसावा सामना. बरं, जिंकल्यावर तरी सुधारलो का? त्याच वर्षी उन्हाळ्यात लीड्सला आपल्या दुसऱ्या डावाची अवस्था शून्यावर चार बाद अशी होती. मँचेस्टरला एकाच दिवसात दोनदा बाद झालो, ५८ आणि ८२. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये पाचही सामने हरलो. १९७४ मध्ये लॉर्ड्सवर ४२ धावांत सगळे बाद झालो, तेव्हा मी नुकतीच शाळेत लागले होते. शिक्षक-खोलीत दोन दिवस कोणी क्रिकेटचं नाव काढलं नाही.

ब्रॅडमनने १९४७-४८ च्या मालिकेत आपल्याविरुद्ध पाच सामन्यांत ७१५ धावा केल्या. त्या धावा स्वस्तातल्या म्हणून कुणी वहीतून खोडल्या नाहीत. आणि एक गोष्ट तर मी विसरूनच गेले होते. रणजी स्पर्धा सुरू झाली १९३४ मध्ये, म्हणजे पहिल्या कसोटीनंतर दोन वर्षांनी! मुंबईचे धर्मवार सामने होते हे खरं, पण देशभराची स्पर्धा कसोटीनंतर आली. 'आधी घरचं क्रिकेट पक्कं करा, मग या' हा नियम आपल्याला लावला असता तर आपण बाहेरच बसलो असतो.

न्यूझीलंडची कहाणी याहून वाईट. पहिली कसोटी १९३० मध्ये, पहिला विजय १९५६ मध्ये, पंचेचाळिसाव्या सामन्यात. त्याच्या आदल्या वर्षी ते ऑकलंडला २६ धावांत बाद झाले होते, आणि तो नीचांक अजून कुणी मोडलेला नाही. १९४६ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्यांना वेलिंग्टनला ४२ आणि ५४ धावांत गुंडाळून दोन दिवसांत सामना संपवला. त्यानंतर शेजारी असूनही १९७३ पर्यंत ऑस्ट्रेलिया त्यांच्याशी एकही कसोटी खेळली नाही. सत्तावीस वर्षं! त्याच न्यूझीलंडने २०२१ मध्ये आपल्याला हरवून पहिलं कसोटी अजिंक्यपद पटकावलं, आणि २०२४ मध्ये आपल्याच घरी येऊन ३-० असं धुतलं. त्यातला एक सामना तर आमच्या पुण्यात, गहुंजेला.

मग बांगलादेशचं काय झालं? २०१६ मध्ये मीरपूरला इंग्लंडला हरवलं, २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाला. जानेवारी २०२२ मध्ये न्यूझीलंडला त्यांच्या घरी. २०२४ मध्ये रावळपिंडीला पाकिस्तानला दोन्ही सामन्यांत, त्यातही दुसऱ्यात २६ धावांवर सहा गडी बाद झाल्यावर. संघ अजूनही बेभरवशाचा आहे, पण नापास नाही. आणि आपण, थोरल्या भावाने, काय केलं? त्यांची पहिली कसोटी खेळायला ढाक्याला गेलो हे खरं, पण त्यांना आपल्याकडे कसोटीला बोलावलं थेट २०१७ मध्ये, हैदराबादला. तोवर सोळा वर्षं उलटून गेली होती.

आता उलट बाजू. सगळेच काही बांगलादेशसारखे निघत नाहीत, हे मान्य. झिम्बाब्वेला १९९२ मध्ये जागा मिळाली. १९९८ आणि २००१ मध्ये त्यांनी हरारेला आपल्याला हरवलं. मग देशाचं राजकारण संघात शिरलं, खेळाडू पांगले, आणि २००५ पासून २०११ पर्यंत ते कसोटी खेळलेच नाहीत. जागा दिली म्हणजे घर बांधून मिळतं असं नाही.

पण जागा न दिल्याने काय होतं तेही आपण पाहिलंय. २९ फेब्रुवारी १९९६, पुण्याचं नेहरू स्टेडियम. केनिया सगळे बाद १६६. वेस्ट इंडीज सगळे बाद ९३! आमचे हे तो सामना बघून घसा बसवून घरी आले होते. पुढे २००३ च्या विश्वचषकात तोच केनिया उपांत्य फेरीत पोहोचला, आणि त्यांचा प्रशिक्षक होता आपला संदीप पाटील. न्यूझीलंडने नैरोबीला जायचं नाकारलं त्याचे गुण त्यांना फुकट मिळाले हे खरं, पण श्रीलंकेला त्यांनी मैदानावर हरवलं होतं. कसोटीचं दार काही उघडलं नाही. मोठ्या संघांनी त्यांच्याशी खेळणं जवळपास सोडलं, घरचा कारभारही बिघडला, आणि २०१४ मध्ये एकदिवसीय दर्जासुद्धा गेला. ती मुलं हुशार होती हो. हुशार मुलाला पुढचा वर्ग न मिळाल्यावर काय होतं, हे शिक्षकाला वेगळं सांगायला नको.

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. ती इथे कधी लिहिलेली नाही.

१९८० च्या आसपास आमच्या शाळेत गुणांप्रमाणे तुकड्या पाडायचं ठरलं. सभेत त्या बाजूने सगळ्यात जोरात बोलले ती मी. 'कच्च्या मुलांमुळे पक्की मुलं मागे खेचली जातात,' हे माझं वाक्य इतिवृत्तात लिहिलेलं होतं. नववी ड तयार झाली. वेळापत्रक लागलं तेव्हा गणिताचे अनुभवी सर अ आणि ब ला गेले. ड च्या वाट्याला ऑफ तास आले, नवशिके शिक्षक आले, आणि मराठीला मी आले. हे कुणी दुष्टपणाने केलं नव्हतं. ज्याचं त्याचं आपलं सोयीने झालं. चाचणीचे पेपर द्यायला मला तीन आठवडे उशीर झाला, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा अगदी शांतपणे म्हणाला, "बाई, आमचे मार्क कुठे चढवतात तरी का?"

त्याला उद्धट म्हणून मी वर्गाबाहेर उभं केलं. तीन वर्षांनी शाळेने ती पद्धत बंद केली, पण तोवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता.

कसोटीत दोन गट पाडा, वरचे वर आणि खालचे खाली, हा विचार २०१६ मध्ये आयसीसीपुढे आला होता आणि मागे घेतला गेला. २०२५ मध्ये त्याची चर्चा पुन्हा रंगली. प्रत्येक वेळी युक्तिवाद माझ्याच त्या वाक्यासारखा असतो, आणि प्रत्येक वेळी मला नववी ड चं वेळापत्रक आठवतं. खालचा गट म्हणजे बढतीची शिडी, असं सांगतात. पण मोठे संघ खेळायला आले नाहीत तर प्रक्षेपणाचा पैसा येत नाही, पैसा नाही तर मैदान नाही, प्रशिक्षक नाही. शिडी भिंतीला लावलेली असते, फक्त तिच्या पायऱ्या काढून घेतलेल्या असतात.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येते.

लहानपणी आमच्या वाड्यात लपंडाव रंगला की कुणाचं तरी धाकटं भावंडं मध्ये लुडबुडायचं. त्याला हाकललं तर ते आईकडे रडत जाणार. म्हणून त्याला 'लिंबूटिंबू' करायचं. ते धावणार, लपणार, ओरडणार, पण त्याच्यावर राज्य येणार नाही आणि त्याचं आउट धरायचं नाही. त्याला वाटतं आपण खेळतोय. एक दिवस मात्र त्याला कळतं, आणि तो दिवस फार वाईट असतो.

आयर्लंड आणि अफगाणिस्तानला २०१७ मध्ये कसोटीचा दर्जा मिळाला. २०१९ मध्ये अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली ती नऊ संघांची. हे दोघे आणि झिम्बाब्वे बाहेर. २०२५-२७ च्या फेरीतही नऊच. म्हणजे सामना खेळायचा, पांढरे कपडे घालायचे, पण स्पर्धेच्या तक्त्यात त्याचे गुण नाहीत. हे लिंबूटिंबूच झालं की! आयर्लंडने २०१८ च्या पहिल्याच कसोटीत फॉलोऑन मिळूनही पाकिस्तानची अवस्था १४ धावांवर तीन बाद केली होती. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडला ८५ धावांत गुंडाळलं, आणि मग स्वतः ३८ धावांत बाद झाले. आपल्या ४२ ची आठवण येऊन मला त्यांच्याबद्दल मायाच वाटली. आठव्या सामन्यात पहिला विजय, आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत ओळीने तीन. आपल्याला पंचवीस सामने लागले होते. अफगाणिस्तान २०१८ मध्ये बंगळूरला आपल्याकडून दोन दिवसांत हरला, आणि पुढचे दोन्ही सामने जिंकला. हे लिंबूटिंबूचे आकडे नाहीत.

पण कसोटी भरवायला पैसा लागतो. २०२५ मध्ये मायदेशी ठरलेली अफगाणिस्तानविरुद्धची कसोटी आयर्लंडने खर्चापायी रद्द केली. नातवाची तिकिटाची स्वप्नं तिथेच विरली. दुसरीकडे आयसीसीच्या २०२४ ते २०२७ च्या उत्पन्नातला सुमारे ३८ टक्के वाटा एकट्या भारतीय मंडळाकडे जातो. प्रेक्षक आपले, जाहिराती आपल्या, हे खरं. पण भारत आयर्लंडशी अजून एकही कसोटी खेळलेला नाही, आणि झिम्बाब्वेशी शेवटची खेळला २००५ मध्ये. पंगतीत ताट मांडायचं आणि वाढपी तिकडे फिरकूच द्यायचा नाही, याला पाहुणचार म्हणत नाहीत.

अफगाणिस्तानबद्दल मात्र माझं मन एवढं सरळ नाही. ऑगस्ट २०२१ नंतर तिथे मुलींना सहावीपुढची शाळा बंद, खेळ तर दूरच. २०२० मध्ये त्यांच्या मंडळाने ज्या पंचवीस मुलींशी करार केले होते, त्यांतल्या बहुतेकींना देश सोडावा लागला. जानेवारी २०२५ मध्ये त्या मेलबर्नला एक सामना खेळल्या, पण देशाचा संघ म्हणून नाही. रशीद खानच्या पोरांना बाहेर काढून त्या मुलींना शाळा मिळणार नाही, म्हणून संघाला काढू नये असं मला वाटतं. पण अफगाण मंडळाला मिळणाऱ्या पैशातला ठरावीक वाटा थेट त्या परागंदा मुलींच्या संघाला द्यावा, आणि त्यांना अफगाणिस्तान याच नावाने खेळू द्यावं. मुलींना सहावीतून घरी बसवणाऱ्या घराला बक्षीस समारंभात पुढची खुर्ची देताना एवढी अट तरी घालायला हवी.

थोडक्यात माझं मत असं. जागा द्यायची तर पूर्ण द्या. बाराही संघांचे सामने मोजा. चार वर्षांत प्रत्येक मोठ्या संघाने प्रत्येक लहान संघाशी किमान एक कसोटी खेळावी, आणि तिचा खर्च दोघांनी मिळून उचलावा. हवं तर सामने चार दिवसांचे करा. मग दहा-पंधरा वर्षं कळ काढा. सोन्याचा कस बघायला सोनार ते दगडावर घासतो. त्या दगडालाच आपण कसोटी म्हणतो. आधी कस सिद्ध कर, मग दगडाला लावीन, असं म्हणणारा सोनार मी तरी पाहिलेला नाही.

असो. नातवाला आज संध्याकाळी फोन करणार आहे. त्याला सांगणार आहे की तुझा प्रश्न बरोबर आहे, मोजायला हवेत. आणि हेही सांगेन की असाच प्रश्न एका मुलाने मला फार वर्षांपूर्वी विचारला होता, आणि तेव्हा आजी चुकली होती.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा. यावेळी कुणाला वर्गाबाहेर उभं करणार नाही!