कामावर लागलं? डॉक्टरांना खरं कारण सांगा

पॉवर प्रेसमध्ये बोट सापडलेला कामगार दवाखान्यात येतो, तेव्हा सोबत बऱ्याचदा मालक किंवा सुपरवायझर असतो. जखम कशी झाली असं विचारलं की उत्तर तोच देतो, "घरी दारात बोट अडकलं, डॉक्टर. तसंच लिहा." खर्च मालक करणार असतो, म्हणून घरचेही गप्प राहतात. जखम महिन्याभरात भरते. पण केसपेपरवरचं ते वाक्य पुढे भरपाई मागताना आड येतं.

हा विषय आत्ता घेण्याचं कारण म्हणजे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहिता. २९ जुने कायदे त्यांत एकत्र आले. लहान ठिकाणी काम करणाऱ्यांनी त्यातल्या काही गोष्टी समजून घ्यायलाच हव्यात.

काय बदललं?

पूर्वी विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की कायद्याने तो 'कारखाना' ठरत असे. आता ही संख्या २० आहे. वीज नसेल तर २० ऐवजी ४०. म्हणजे अनेक छोटी वर्कशॉप कारखान्याच्या व्याख्येतून बाहेर पडली.

तरीही जिथे १० किंवा अधिक कामगार आहेत, तिथे मालकाची मूळ कर्तव्यं कायम आहेत. कामाची जागा सुरक्षित ठेवणं, नेमणूकपत्र देणं, ठरलेल्या वयाच्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी करणं ही त्यातली काही. सरकारने ही तपासणी ४० वर्षांवरील कामगारांसाठी जाहीर केली आहे. सुरक्षेच्या साधनांचे किंवा अशा तपासणीचे पैसे पगारातून कापता येत नाहीत.

चार-पाचच कामगार असतील तर?

"आम्ही चारच जण, आम्हाला कुठला कायदा?" हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. ईएसआय साधारणपणे १० कामगारांपासून लागू होतं. पण जिथे ईएसआय नाही, तिथे कामामुळे झालेल्या अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी थेट मालकावर येते. यंत्रावर माल तयार करणाऱ्या वर्कशॉपमध्ये दोन कामगार असले तरी ती टळत नाही. मालकाची चूक सिद्ध करण्याचीही गरज नसते.

भरपाई ठरते ती कमाईची क्षमता किती गेली यावरून. पूर्ण अंगठा गेला तर ३० टक्के, पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के असं कोष्टकच आहे. म्हणून कोणता हात, कोणतं बोट, कुठपर्यंत गेलं हे कागदावर नेमकं लिहिलेलं हवं.

आजारही यात येतात

इचलकरंजी किंवा भिवंडीत यंत्रमागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षं काम करणाऱ्याला हळूहळू कमी ऐकू येऊ लागतं. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. फाउंड्रीत किंवा दगडाच्या खडी क्रशरवर बारीक धूळ छातीत जाऊन सिलिकोसिस होतो. त्यात दम लागतो, खोकला येतो आणि तो अनेकदा टीबी समजला जातो. सिलिकोसिस असलेल्यांना टीबी होण्याचा धोकाही जास्त असतो. हे दोन्ही व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत. यादीतला आजार आढळला तर संबंधित अधिकाऱ्याला लेखी कळवणं हे डॉक्टरचंही कर्तव्य आहे. पण तुम्ही काम सांगितलंच नाही, तर डॉक्टरला शंका येणार कशी?

तुम्ही काय कराल?

• काय काम करता, किती वर्षं करता आणि आधी काय करत होतात, हे डॉक्टरांना न विचारता सांगा.
• अपघाताची तारीख, वेळ, जागा आणि यंत्र केसपेपरवर लिहून घ्या. शक्य असेल तर डॉक्टरांशी एकटं बोला.
• एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, बिलं आणि पगाराचा कुठलाही पुरावा जपून ठेवा.
• मालकाला लगेच लेखी कळवा. मोबाइलवरचा मेसेजही जपून ठेवा.
• भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. कामगार आयुक्त कार्यालयात चौकशी करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळू शकतो.

आणि तुम्हीच छोटे मालक असाल तर?

यंत्राचं गार्ड काढून उत्पादन वाढवू नका. ईएसआय लागू असेल तर नोंदणी करा, नसेल तर कामगार भरपाईचा विमा घ्या. विमा असेल तर एका अपघाताने धंदा बुडत नाही आणि "घरी लागलं" असं लिहा म्हणण्याची वेळही येत नाही.

डॉक्टर जखम शिवू शकतो. ती कुठे झाली, हे मात्र तुम्हालाच सांगावं लागेल, आणि तेही पहिल्याच दिवशी.