भय भिजण्याचे नव्हे, गारठण्याचे

‘पावसात भिजू नकोस, सर्दी होईल,’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. वास्तविक सर्दी होते ती विषाणूंमुळे. म्हणून धडधाकट माणसाने चार महिने सायकलीला कुलूप लावून बसावे, हे मला पटत नाही. मात्र पावसातला खरा धोका ओळखला पाहिजे.

गेल्या श्रावणात आम्ही चौघे साताऱ्याहून पहाटे सायकलींवर निघालो. वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि मेढ्यामार्गे परत, असा शंभर किलोमीटरहून लांबचा फेरा होता. पाऊस दिवसभर. पसरणीचा घाट चढताना कोणालाच थंडी वाजली नाही, कारण राबणारे स्नायू अंग ऊबदार ठेवतात. केळघर घाट उतरताना मात्र पाय थांबले, कपडे ओलेचिंब आणि समोरून वारा! आमच्यातला एकजण कुडकुडू लागला, त्याची जीभ अडखळू लागली, बोटांना ब्रेक दाबता येईना. तरी त्याचे एकच पालुपद, ‘मला काही झालेले नाही, चला पुढे.’ आम्ही ऐकले नाही. टपरीच्या आडोशाला नेऊन कोरडे कपडे चढवले, गरम गोड चहा पाजला आणि पुढे जीपने पाठवले. तो रुसला, पण सुखरूप घरी पोहोचला.

पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट अधिक उष्णतावाहक आहे. शरीराचे तापमान ३७ अंशांवरून ३५ च्या खाली गेले की विचारशक्तीही मंदावते. म्हणजे गारठलेल्याला आपण गारठलो हेच उमजत नाही. म्हणून थांबण्याचा निर्णय सोबत्यांनी घ्यावा, आणि अशा सफरीला एकट्याने जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे कपडे न्यावेत. तहान लागली नाही तरी पाणी प्यावे. रेनकोटाच्या आत घाम गळतच असतो. ऊब यावी म्हणून मद्य घेऊ नये, त्याने शरीरातली उष्णता उलट लवकर निघून जाते. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा उतारावर वेग आधीच आवरावा. पायाला जखम असल्यास साचलेल्या पाण्यात उतरू नये. २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने बळी घेतले होते. अशा पाण्यातून गेल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

वाचकहो, पावसात जरूर भिजा. परंतु सोबती ‘थांब’ म्हणाला, तर त्यात कमीपणा मानू नका.